भीतीचा हिशोब : 'रेझिडेंट ईव्हिल' कुठून सुरू करावी?

'रेझिडेंट ईव्हिल' ही व्हिडिओ गेमची मालिका आता तिशीची झाली आहे. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तिचा पहिला गेम 22 मार्च 1996 रोजी प्लेस्टेशनसाठी आणला, तो तिथे 'बायोहॅझर्ड' या नावाने. नंतर क्रमांकाचे गेम आले, मधले बिनक्रमांकाचे आले, मग जुन्यांचे नवे अवतार आले आणि त्यांनी मूळ नावंही तशीच ठेवली. त्यामुळे आज 'रेझिडेंट ईव्हिल 2' असं म्हटलं, तर 1998चा की 2019चा हे विचारावंच लागतं. अशा गर्दीत नवखा माणूस बिचकतो आणि जाणकाराला गाठून विचारतो, सुरुवात कुठून करू? उत्तरं साधारण तीन प्रकारची मिळतात. दिसायला सगळ्यात नवा आहे तो घे. सगळ्यात जास्त वाखाणला गेला तो चौथा घे. कथेच्या क्रमाने जा, म्हणजे 'झीरो' या भागापासून. तिन्ही सल्ले सद्हेतूनेच दिलेले असतात, पण माझं मत वेगळं आहे. पहिल्या गेमचा 2002 साली निघालेला रिमेक घ्यावा, त्याची 2015 साली जगभर आलेली एचडी आवृत्ती घ्यावी आणि दोन पात्रांपैकी जिल व्हॅलेंटाइन निवडावी. हे मत जुन्याच्या मोहापोटी नाही. या मालिकेतली भीती नेमकी कशातून तयार होते ते पाहिलं, की दुसरं उत्तर सुचत नाही.

भीती राक्षसाची असते असं आपण धरून चालतो. या मालिकेत राक्षस भरपूर आहेत, पण एकट्या झोंबीला कोण घाबरतं? तो संथ चालतो, त्याला बुद्धी नाही, दाराची मूठ त्याला क्वचितच उमगते. खरी भीती आहे ती हिशोबाची. अमेरिकेतल्या रॅकून सिटी या काल्पनिक शहराबाहेर आर्कले डोंगरात एक हवेली आहे आणि पोलिसांच्या विशेष पथकातली माणसं तिथे अडकली आहेत. जिलला आठ वस्तू बाळगता येतात, दुसरा नायक क्रिस रेडफील्डला सहाच. त्या आठांत पिस्तूल आलं, गोळ्या आल्या, औषधी पाला आला, किल्ली आली आणि कोड्यासाठी लागणारं एखादं पदकही आलं. खेळ जतन करायचा तर टाइपरायटर शोधायचा आणि दर वेळी शाईची एक रिबन खर्ची घालायची. रिबनी मोजक्याच. एक झोंबी पाडायला अर्धा डझन गोळ्या सहज जातात आणि हवेलीत झोंबी किती आहेत हे आधी ठाऊक नसतं. मग अरुंद बोळात एक जण उभा दिसला, की मनात पहिला प्रश्न 'मी मरेन का?' असा येत नाही. 'याच्यावर गोळ्या घालवणं परवडेल का?' असा येतो. हिरवा पाला आत्ताच खावा, की लाल पाला सापडेपर्यंत थांबून दोन्ही एकत्र करावेत, म्हणजे औषध जास्त लागू पडेल आणि एक जागाही वाचेल? भीती आणि काटकसर इथे एकाच ठिकाणी नांदतात.

हे सारं एका रात्रीत सुचलेलं नाही. कॅपकॉमनेच 1989 साली फॅमिकॉम या कन्सोलसाठी 'स्वीट होम' नावाचा गेम काढला होता. कियोशी कुरोसावा या दिग्दर्शकाच्या त्याच नावाच्या भयपटावर तो बेतलेला होता आणि त्याचे कर्ते होते तोकुरो फुजिवारा. झपाटलेली हवेली, सामानाला तोटकी जागा, मेलेल्यांनी मागे ठेवलेल्या चिठ्ठ्या, दार उघडताना दिसणारं चित्र, हे सगळं तिथे आधीच होतं. पुढे फुजिवारा निर्माते झाले आणि शिंजी मिकामी या तरुण दिग्दर्शकाच्या हातात ही शिदोरी आली. 1992 सालच्या 'अलोन इन द डार्क' या फ्रेंच गेममधून स्थिर कॅमेऱ्याची रीत आली. म्हणजे 1996च्या गेमचं मोठेपण नवं काही शोधण्यात नव्हतं, तर या सुट्या गोष्टी एका घरात अशा बसवण्यात होतं की एक हलवली तर बाकीच्या डगमगाव्यात.

मग मूळ 1996चाच का घेऊ नये? इतिहास म्हणून जरूर घ्यावा, 2024 साली त्याची जुनी संगणक आवृत्ती पुन्हा विक्रीला आली आहे. पण त्यातला अभिनय आज हसू आणतो. सँडविचवरचा एक संवाद तर चाहत्यांमध्ये विनोद म्हणून अजरामर झाला आहे, आणि भीतीच्या जागी हसू फुटलं की पहिल्याच भेटीत बिनसतं. 2002चा रिमेक मिकामींनी स्वतः दिग्दर्शित केला आणि तो नुसती रंगरंगोटी करून थांबला नाही. मूळ हिशोबात एक भयंकर कलम वाढवलं. पाडलेला झोंबी कायमचा मेला असं समजायचं नाही. त्याचं डोकं फुटलं नसेल किंवा प्रेत जाळलं नसेल, तर काही वेळाने तो लालबुंद होऊन उठतो, आणि या वेळी धावत येतो. जाळायला रॉकेल लागतं, ते हवेलीत ठरावीक जागीच मिळतं. जिलने ते करायचं म्हटलं तर रॉकेलची बाटली आणि लायटर मिळून आठांतल्या दोन जागा अडतात. आता विचार करा. गोळ्या वाचवायला झोंबीला चुकवलं, तर तो बोळ प्रत्येक फेरीला धोक्याचा. मारलं, तर गोळ्या गेल्या आणि वर जाळण्याचं ओझं डोक्यावर. मारून तसंच टाकलं, तर उद्याचं संकट आज कर्जाने घेतलं. एका साध्या नियमाने संपूर्ण घराचा नकाशा खेळाडूच्या डोक्यात जिवंत होतो. कुठल्या बोळात कोण पडलंय, तिथून अजून किती वेळा जायचंय, हे तो मनातल्या मनात मोजत राहतो. नंतरच्या कुठल्याही भागात मला इतकी घट्ट वीण दिसत नाही.

या रिमेकचा चतुरपणा आणखी एका ठिकाणी दिसतो. मूळ गेममध्ये एका बोळात खिडकी फोडून कुत्रे झेपावतात, आणि तो क्षण इतका गाजला की जुन्या खेळाडूंना तो पाठच होता. रिमेकमध्ये त्या बोळातून पहिल्यांदा जाताना काचेला फक्त तडा जातो. माहीतगार माणूस श्वास रोखतो आणि काहीच होत नाही. कुत्रे येतात, पण नंतर, त्याने सावधपणा सोडल्यावर. नवख्याला तडा म्हणजे नुसती सूचना आणि जुन्याला थट्टा. एकाच क्षणात दोघांची सोय पाहणारा रिमेक विरळाच.

आता कॅमेऱ्याचा मुद्दा, कारण सगळ्यात मोठा आक्षेप तिथेच आहे. या गेममध्ये कॅमेरा खोलीच्या कोपऱ्यात टांगलेला असतो आणि आपण पुढे गेलो की दृश्य पटकन बदलतं. सुरुवातीला ही तांत्रिक तडजोड होती. त्या काळच्या प्लेस्टेशनला भरगच्च त्रिमित खोली हलती ठेवणं जड जात होतं, म्हणून खोल्या आधीच चित्रासारख्या तयार करून त्यावर पात्रं चालवली. पण त्या तडजोडीतून एक गोष्ट साधली. वळणापलीकडे काय आहे हे पात्राला दिसत असेलही, आपल्याला दिसत नाही. रेडिओच्या श्रोत्यांना हे वेगळं समजावायला नकोच. दिसत नाही तिथे कान काम करू लागतात. संगमरवरावरची पावलं वेगळी वाजतात, लाकडावरची वेगळी, गालिच्यावरची जवळजवळ नाहीतच. त्या शांततेत पलीकडून पाय ओढल्याचा आवाज आला, की अंतराचा अंदाज ऐकूनच बांधायचा.

आक्षेप असा की पात्र हलवणं त्रासाचं आहे. जुन्या पद्धतीत वरची कळ दाबली की पात्र त्याच्या तोंडासमोर चालतं, पडद्याच्या वरच्या दिशेने नाही. रणगाडा चालवल्यासारखं वाटतं, म्हणून त्याला नावही तेच पडलं. यामागे कारण आहे. कॅमेरा क्षणात उलट बाजूला गेला तरी 'पुढे' म्हणजे पुढेच राहतं आणि बोळाच्या मधोमध पात्र गरकन फिरत नाही. पण कारण पटलं म्हणून बोटं लगेच ऐकतील असं नाही, हे मान्य. एचडी आवृत्तीत म्हणूनच दुसरी सोय दिली आहे. कंट्रोलरवरची काठी ज्या दिशेला ढकलाल तिकडे पात्र जातं. त्यामुळे 1996च्या गेमला लागू असलेला हा आक्षेप 2015च्या आवृत्तीला फारसा उरत नाही. एक सूचना मात्र करावीशी वाटते. रुंद पडद्याचा पर्याय निवडला तर मूळ चित्र वरून-खालून कापलं जातं आणि सरकत राहतं. जुनं, चौकोनाकडे झुकणारं चित्रच ठेवावं, कोपऱ्यांची रचना त्याच मापाने केली आहे.

दुसरा आक्षेप चौथ्या गेमच्या बाजूने येतो आणि तो जोरदार आहे. जानेवारी 2005मध्ये आलेला 'रेझिडेंट ईव्हिल 4' हाही मिकामींचाच. त्याने कॅमेरा नायकाच्या खांद्यामागे आणला आणि पुढे 'गिअर्स ऑफ वॉर'पासून 'डेड स्पेस'पर्यंत अनेकांनी तो धडा गिरवला. गेम म्हणून तो कदाचित पहिल्यापेक्षा सरस असेल, वाद घालणार नाही. पण सुरुवात कुठून करावी आणि सर्वोत्तम कोणता, हे दोन प्रश्न एक नव्हेत. चौथ्यात मेलेले शत्रू गोळ्या आणि पैसे टाकून जातात, वाटेत व्यापारी हत्यारं विकतो, सामानाला ऐसपैस पेटी मिळते. शत्रू खर्चाचं कलम न राहता कमाईचं होतं. त्याची सवय लागल्यावर पहिल्या हवेलीत गेलेला माणूस समोर येईल त्याला गोळ्या घालतो, तासाभरात कफल्लक होतो आणि गेम नीट रचलेला नाही असं म्हणतो. उलट, हवेलीतून चौथ्याकडे गेलेल्याला मोकळं झाल्याचा आनंद मिळतो, कारण नेमकं काय सुटलं हे त्याला ठाऊक असतं.

2019चा दुसरा गेम घ्या असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण त्याहून सौम्य आहे. पोलीस ठाण्याची इमारत हवेलीइतकीच देखणी रचली आहे आणि मागे लागणाऱ्या एका धिप्पाड आकृतीची जड पावलं भिंतीपलीकडून ऐकू येतात, तेव्हा अंग चोरून बसावंसं वाटतं. पण त्यात खोली रिकामी झाली की नकाशा स्वतःच निळा होतो, काही उरलं असेल तर लाल राहतो. साधारण काठिण्यपातळीवर रिबन लागतच नाही, ती फक्त अवघड पातळीवर. म्हणजे वहीखातं गेमच सांभाळतो. आधी स्वतः ते सांभाळलं असेल तर ही सवलत कळते, नाहीतर ती नुसती गृहीत धरली जाते. डोळे आणि बोटं दोन्ही स्थिर कॅमेऱ्याला नाहीच म्हणत असतील, तर मात्र इथूनच सुरुवात करावी. मला त्यात काही गैर वाटत नाही.

2017चा सातवा गेम भयाच्या तीव्रतेत सगळ्यांना मागे टाकतो. लुइझियानातलं बेकर कुटुंबाचं घर, आणि सगळं आपल्याच डोळ्यांनी पाहिल्यासारखं. त्यातही शॉटगन उचलायची तर तिच्या जागी मोडकी शॉटगन ठेवावी लागते. पहिल्या हवेलीत याच युक्तीने छत खाली येण्यापासून वाचलेल्या माणसाला इथे जुना ओळखीचा भेटल्यासारखं होतं, बाकीच्यांना ते एक कोडं तेवढं वाटतं. राहिला कथेचा क्रम. 'झीरो'तल्या घटना हवेलीच्या आदल्या दिवशीच्या खऱ्या, पण तो गेम आला 2002च्या शेवटी, पहिल्याचे खेळाडू डोळ्यांसमोर ठेवून. पहिल्यात ज्या माणसाचा खरा चेहरा उघडा पडायचा, त्याचं रहस्य 'झीरो' आधीच सांगून टाकतो. शिवाय त्यात सामान ठेवायच्या पेट्या नाहीत, वस्तू जमिनीवर टाकून पुन्हा आणायला धावावं लागतं. नवख्याला हा वैताग कशासाठी?

पहिल्याचा हा रिमेक मोठ्यांसाठी आहे. अमेरिकेत त्याला 17 वर्षांवरच्यांसाठीचा शिक्का आहे, घरात मुलं असतील तर ते पाहावं. संगणक, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विच, सगळीकडे तो मिळतो. सर्वांत सोपी पातळी घ्यायला संकोच करू नये, हिशोब तिथेही करावाच लागतो. जिल सुचवली ती दोन जागा जास्त म्हणून, आणि तिच्याकडे कुलूप उघडायचं हत्यार असतं म्हणूनही. पहिल्यांदा खेळताना मार्गदर्शिका उघडून बसू नये, मात्र कागद-पेन्सिल जवळ ठेवावी. पुढे 2019चा दुसरा, मग सातवा, मग चौथा असं जावं. पाचवा आणि सहावा सोबतीला मित्र असेल तरच. या सगळ्याआधी जमलं तर क्रिस घेऊन हवेलीत एकदा पुन्हा शिरून पाहावं. जागा सहाच आहेत, आणि आधी जिथे सहज निभावून गेलं होतं तिथे या वेळी काहीतरी मागे ठेवावं लागेल.