सॉफ्टवेअर आणि सचोटीचा व्यवहार



'मुलाला कॉम्प्युटरला घालावे की कॉमर्सला?' असा प्रश्न पुष्कळ पालक विचारतात. माझ्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. सॉफ्टवेअर तयार करणे म्हणजे दुसऱ्याच्या व्यवहाराचे नियम यंत्राला समजतील अशा भाषेत लिहून देणे होय. ज्याला व्यवहार कळत नाही, त्याने यंत्राची भाषा कितीही घोटली तरी तो अर्धाच कारागीर राहतो.

व्यापाराचे तीन जुने नियम आपणांस परिचित आहेत. माल तपासून द्यावा. झेपेल तेवढाच वायदा करावा. हिशेबात तफावत आली तर आधी आपली वही तपासावी. हे नियम सॉफ्टवेअरला कसे लागू पडतात ते पाहू.

पहिला नियम मालाच्या तपासणीचा. अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाची शेअर्सचे सौदे करणारी मोठी कंपनी होती. तिने नवा प्रोग्रॅम आठ सर्व्हरवर बसवायला घेतला. सातांवर तो बसला, एकावर राहून गेला. दुसऱ्या माणसाने खात्री करून घेतली नाही. १ ऑगस्ट २०१२ रोजी त्या एका यंत्रावर, २००३ पासून वापरात नसलेला जुना प्रोग्रॅम जागा झाला आणि भराभर सौदे करू लागला. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. बाजार उघडण्यापूर्वी यंत्रानेच ९७ ई-मेल पाठवून दोषाची सूचना दिली होती. तिची दखल कोणी घेतली नाही. पुढच्याच वर्षी ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

दुसरा नियम वायद्याचा. आय.बी.एम.मध्ये मोठ्या प्रकल्पाचे प्रमुख असलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली आपल्या पुस्तकात अनुभव नोंदवला, की रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसे लावली तर ते अधिकच रखडते. नव्या माणसांना काम समजावून देण्यात जुन्यांचा वेळ जातो. म्हणून तारीख कबूल करण्यापूर्वीच विचार करावा.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. ब्रिटनच्या पोस्ट खात्याने १९९९ पासून आपल्या शाखांत होरायझन ही हिशेबाची संगणक यंत्रणा आणली. ती अनेक शाखांत नसलेली तूट दाखवू लागली. शाखा चालवणाऱ्यांत भारतीय वंशाची कुटुंबेही पुष्कळ होती. त्यांनी तक्रारी केल्या, तेव्हा 'असे तुमच्या एकट्याकडेच होते' असे अनेकांना सांगण्यात आले. करारावर बोट ठेवून त्यांच्याकडून पैसे भरून घेतले. ९०० हून अधिक लोक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. २०१९ च्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने यंत्रणेत दोष असल्याचा निर्णय दिला. अखेर २०२४ साली ब्रिटिश संसदेला कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. वीस वर्षे गेली, ती कशी परत मिळणार?

मित्रांनो, येथे केवळ यंत्र चुकले नाही. चूक प्रत्येक कारागिराच्या हातून होते. परंतु आपली वही न तपासता गिऱ्हाइकाला चोर ठरवणे हा व्यवहाराचा अधर्म होय.

विद्यार्थ्यांनो, प्रोग्रॅमिंगबरोबर जमाखर्चही शिका. एखाद्या दुकानात बसून उधारी कशी मांडतात, परत आलेल्या मालाची नोंद कशी करतात, ते पाहा. आपले काम दुसऱ्याकडून तपासून घेण्यात कमीपणा मानू नका. दोष दिसला तर वरिष्ठ नाराज होतील म्हणून दडवू नका, लेखी कळवा.

आणि पालकांनो, किराणा, बेकरी, गॅरेज वा शिवणकाम, आपला धंदा कोणताही असो, त्यातला हिशेब मुलाला आणि मुलीलाही जवळ बसवून समजावून द्या. उद्या त्यांनी लिहिलेल्या चार ओळींवर एखाद्या अनोळखी कुटुंबाची अब्रू अवलंबून असेल. त्या ओळी खऱ्या ठेवण्याचे शिक्षण वर्गाइतकेच घरात मिळायला हवे.