गोळी अमेरिकेची, गोचीड पुण्याची

पुण्यातल्या कितीतरी घरांत मुलं अमेरिकेत असतात आणि इथे आईवडिलांच्या सोबतीला एक कुत्रा असतो. तिकडून फोनवर हमखास चौकशी होते, "बाबा, त्याला हार्टवर्मची गोळी दर महिन्याला देता ना?" मग ही मंडळी माझ्यासारख्या पशुवैद्याला विचारतात, "डॉक्टर, तुम्ही ही गोळी कशी सांगितली नाहीत?" प्रश्न अगदी रास्त आहे.

हार्टवर्म म्हणजे हृदयकृमी. डास चावतो तेव्हा याच्या अळ्या कुत्र्याच्या अंगात शिरतात. सहाएक महिन्यांत त्यांचे शेवयांसारखे लांब कृमी होतात. मादी २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते. फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत आणि हृदयाच्या उजव्या बाजूला हे कृमी ५ ते ७ वर्षं मुक्काम ठोकतात. आधी खोकला, मग धाप, शेवटी पोटात पाणी. गोळी डासाला अडवत नाही. मागच्या महिन्यात शिरलेल्या कोवळ्या अळ्या तेवढ्या मारते. म्हणून रक्त तपासल्याशिवाय ती सुरू करायची नसते.

आपल्या देशात हा कृमी प्रामुख्याने ईशान्येकडे, आसाम-मिझोरामच्या बाजूला आढळतो. मुंबईत आणि केरळात सापडतो तो त्याचा चुलतभाऊ, कातडीखाली राहणारा. केरळात तर तो माणसांच्या डोळ्यांतूनही काढावा लागला आहे. तेव्हा कुत्र्याला घेऊन त्या भागात किंवा परदेशी जायचं असेल, तर गोळीचा विचार जरूर करा. पण पुण्यातल्या कुत्र्याचा रोजचा वैरी वेगळा आहे. तो म्हणजे गोचीड.

गोचीड नुसतं रक्त पीत नाही, रोग देते. पहिला रोग बबेसिया. हा परजीवी तांबड्या पेशी फोडतो. त्याची एक जात, बबेसिया गिब्सोनी, जगात प्रथम नोंदली गेली ती आपल्याच देशात, १९१० साली, मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात. दुसरा रोग अर्लिकिया. हा जिवाणू पांढऱ्या पेशींत राहतो आणि प्लेटलेट्स उतरवतो. डेंग्यूमुळे हा शब्द आता प्रत्येक पुणेकराला पाठ झाला आहे!

माझ्याकडे येणाऱ्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं, "उन्हानं जेवत नाही हो." दोन दिवस, चार दिवस वाट पाहतात. मग नाकातून रक्त येतं किंवा लघवी चहासारखी होते, आणि धावपळ सुरू होते. वेळेवर रक्त तपासलं तर दोन्ही आजारांवर औषधं आहेत. उशीर झाला तर रक्त चढवूनही जनावर हातचं जातं. म्हणून कुत्र्यानं दोन वेळचं खाणं टाकलं, तर त्याचा ओठ उचलून हिरड्या पाहा. त्या पांढुरक्या दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

लोकांना वाटतं, गोचीड तळजाईच्या टेकडीवरून येते. एखादी येतही असेल. पण कुत्र्यावरची ही तपकिरी गोचीड मुख्यतः आपल्या घरातच नांदते. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडते, भिंतीवर चढते आणि फटीत हजारो अंडी घालते. त्यामुळे नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही. भिंतीच्या, फरशीच्या फटी बुजवा. त्याचं अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा.

फिरून आल्यावर कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली हात फिरवा. गोचीड दिसली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा आणि स्पिरिटमध्ये टाका. बोटांनी चिरडू नका, रॉकेल ओतू नका. गोचीड मारणारे थेंब, पट्टे, गोळ्या बाजारात आहेत; वजन, वय आणि फिटांचा त्रास सांगून डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. गुरांसाठीचं इंजेक्शन स्वस्त पडतं म्हणून परस्पर देऊ नका. कोलीसारख्या जातींना ते मारक ठरू शकतं. कुत्र्याचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराला लावलं, तर मांजर दगावू शकतं.

अमेरिकेतल्या मुलांची गोळी इथे लगेच लागेलच असं नाही. त्यांची शिस्त मात्र जरूर उचला. कॅलेंडरवर दर महिन्याची एक तारीख ठरवा आणि ती चुकवू नका. गॅस सिलिंडरची तारीख आपण लिहितोच की!