फोन, दवाखाना आणि वही
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)
सहशिक्षक, बी. ए., बी. एड., कळवण

 

दहावीचे पेपर संपले की पालक मला एकच प्रश्न विचारतात. "सर, पोराला आता कशाला घालू?" आपल्याकडची यादी ठरलेली आहे. डॉक्टर, इंजिनियर, नाही जमले तर डी. एड., तेही नाही तर आखात, आणि काहीच नाही तर कांदा मार्केटमध्ये वडिलांबरोबर. मुलींची यादी याहून तोकडी. या यादीत आणखी एक ओळ लिहावी म्हणून मी आज उभा आहे. अडचण एवढीच, की त्या ओळीला अजून एक असे सुटसुटीत नाव नाही. समाजमाध्यमे घडविणे, आरोग्याच्या नोंदींचे शास्त्र आणि विद्यापीठातील संशोधन, अशी ही तीन कामे एकाच माणसाच्या हातून होऊ शकतात.

आधी एक कबुली देतो. माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगी होती. फळ्यावरचा मजकूर ती नेहमी शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायची. मी तिला दोनदा उभे केले, आळशी म्हटले. पुढे शाळेत डोळे तपासणारे पथक आले तेव्हा कळले, की तिला तिसऱ्या बाकावरून फळा दिसतच नव्हता. चष्मा मिळाला आणि दोन महिन्यांत ती पोरगी पार बदलली. आळशी तिचे डोळे नव्हते, माझे होते. पथक त्या वर्षी आले नसते तर? हा प्रश्न मला अजून सोडत नाही. आपल्या तालुक्यात अशी मुले पाड्यापाड्यांवर आहेत आणि डोळ्यांचे डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके.

हाच प्रश्न नाशिकमध्ये जन्मलेल्या एका माणसाने हाती घेतला. त्यांचे नाव रमेश रासकर. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातून डॉक्टरेट मिळविली आणि 2008 पासून एम. आय. टी. या संस्थेच्या मीडिया लॅबमध्ये अध्यापन व संशोधन करू लागले. 2010 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेत्र' नावाचे साधन जगापुढे मांडले. फोनच्या पडद्यावर भिंगाचा एक छोटा जोड बसवायचा आणि त्यातून पाहायचे. निकोप डोळ्याला पडद्यावरच्या दोन रेघा एकमेकींवर बसलेल्या दिसतात, नंबर असलेल्या डोळ्याला त्या अलग दिसतात. बटण दाबून दाबून त्या एकावर एक आणायच्या. किती वेळा सरकवाव्या लागल्या, यावरून चष्म्याचा नंबर निघतो. त्या जोडाचा खर्च तेव्हा दोन डॉलरच्या आसपास सांगितला गेला. एरवी यासाठी महागडे यंत्र लागते. पण ज्या फोनला आपण मुलांचा शत्रू म्हणतो, त्याचाच बारीक ठिपक्यांचा पडदा इथे कामी आला. (प्रकाश डोळ्यांतून बाहेर पडत नाही, तो वस्तूकडून डोळ्यात येतो, हे अकराव्या शतकात इब्न अल-हैथम यांनी कैरोमध्ये प्रयोगांसह मांडले. आपल्या मुलांना हे कोणी सांगत नाही, म्हणून जाता जाता सांगून ठेवतो.)

हे झाले आरोग्य आणि संशोधन. यात समाजमाध्यम कोठे आले? फेसबुकच्या संशोधकांबरोबर रासकरांनी केलेले एक काम 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या वस्त्यांना रस्त्यांची नावे नाहीत, घरांना क्रमांक नाहीत, त्यांना उपग्रहाच्या छायाचित्रांवरून गणकाकरवी पत्ते द्यायचे. आपल्याला याचे महत्त्व सांगायला नको. 108 ला फोन लावला की पलीकडून पत्ता विचारतात आणि आपण सांगतो, "चणकापूरच्या पुढे, आंब्याच्या झाडापासून आत." रात्री दोन वाजता आंब्याचे झाड कोणाला दिसते?

2015 च्या सिंहस्थाच्या आधी रासकरांच्या पुढाकाराने नाशिकमध्ये कुंभथॉन नावाचा उपक्रम झाला. त्यातून नाशिकच्याच एका शाळकरी मुलाच्या गटाने गर्दी मोजणारी चटई तयार केली. माणसांचे पाय पडले की चटई मोजते आणि कोठे चेंगराचेंगरी होईल त्याचा अंदाज आधी येतो. त्याच सिंहस्थात हार्वर्डच्या डॉ. सच्चित बलसारी यांच्या गटाने मेळ्यातील दवाखान्यांच्या नोंदी टॅब्लेटवर घेतल्या. तसा प्रयोग त्यांनी 2013 मध्ये प्रयागच्या कुंभातही केला होता. कागदी रजिस्टरची बेरीज मेळा उठल्यावर होते. टॅब्लेटवरची बेरीज त्याच दिवशी होते, आणि कोणत्या भागात जुलाबाचे रोगी वाढले ते दिसले की तेथले पाणी तपासता येते. सप्तशृंगी गडाची चैत्रातली यात्रा आपण सर्वांनी पाहिली आहे. तेव्हा हे काम परदेशातले म्हणून सोडून देऊ नका.

आता मी जरा अप्रिय विषयाकडे वळतो. 1 जुलै 2018 रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी ठार केले. मुले पळविणारी टोळी आली आहे, असा मजकूर फोनवरून फिरत होता, तेवढे पुरले. त्या पाचांजवळ काहीही नव्हते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी अफवा कशा पसरतात याच्या अभ्यासासाठी त्या कंपनीने जगातील वीस संशोधक गटांना अनुदानही दिले. कोणीतरी खोलीत बसून पाच हा आकडा ठरविला. तो ठरविणाऱ्यांमध्ये आपल्या बाजाराचा दिवस, आपली बोली, आपली भीती ठाऊक असणारा एखादा असता तर तो आकडा कदाचित आधीच आला असता, असे मला वाटते.

आणि आपल्या घरातलेही सांगतो. नोव्हेंबर 2018 मध्ये राज्यात गोवर-रुबेला लसीची मोहीम सुरू झाली तेव्हा लसीने पुढे मूल होत नाही असा मजकूर आपल्याच बिरादरीच्या गटांवर फिरला. माझ्या खालाने तो मला पाठविला. मी उत्तर दिले नाही, भिडेखातर गप्प बसलो. 2022 च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी, भिवंडी आणि आपल्या शेजारच्या मालेगावात गोवराची साथ आली, मुले दगावली. साथीचे कारण एकच नव्हते, करोनाच्या काळात हुकलेले डोसही होते. तथापि माझे गप्प बसणे मी हिशेबातून वगळू शकत नाही. अशा वेळी नुसता डॉक्टर पुरत नाही आणि नुसता फोन जाणणाराही पुरत नाही. लस काय करते, मजकूर कसा पळतो आणि आपले म्हणणे मोजून कसे सिद्ध करायचे, ही तिन्ही ज्याला कळतात असा माणूस लागतो. तो तुमच्या घरातून का येऊ नये?

त्यासाठी काय लागते? मी बी. ए. झालेला माणूस, गणिताचा शिक्षक नव्हे, म्हणून बेतानेच बोलतो. संख्याशास्त्र लागते, थोडे जीवशास्त्र, संगणकाची एखादी भाषा आणि इंग्रजी वाचण्याची चिकाटी. मराठी-उर्दूत विचारलेले प्रश्न समजणे हे आपले भांडवल, ते कोठे विकत मिळत नाही. आणि आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे दुसऱ्याचे गुपित सांभाळणे. आभा क्रमांक आता तुम्हा सर्वांना ठाऊक आहे, चौदा अंकी. त्यामागे उद्या तुमच्या आजाराची सारी कहाणी जोडली जाईल. रासकरांच्या गटाने यावरही काम केले. रोग ओळखायला गणकाला शिकवायचे तर पुष्कळ रोग्यांची माहिती लागते. त्यांच्या पद्धतीत रोग्याचे कागद रुग्णालयातच राहतात, निम्मी आकडेमोड तेथेच होते आणि बाहेर जातात ते फक्त मधले आकडे. 2020 मध्ये करोनाच्या संपर्कांचा माग काढणारे साधन त्यांनी केले, त्यातही कोण कोठे गेला याची नोंद ज्याच्या त्याच्या फोनमध्येच ठेवण्यावर भर होता.

हे सर्व वाचून झाल्यावर मी गेल्या वर्षी नववीच्या मुलांना एक वही दिली. घरच्या गटांवर आरोग्याविषयी जो मजकूर येईल तो महिनाभर लिहायचा. तारीख, दावा काय, आणि नंतर दवाखान्यातील सिस्टरना विचारून खरा की खोटा. कांद्याच्या रसापासून मधुमेहापर्यंत सर्व काही त्यात आले. पहिल्याच आठवड्यात अडचण उभी राहिली. पाठविणाऱ्याचे नाव लिहायचे का? मुले म्हणाली, लिहू या, म्हणजे लोक सुधारतील. माझेही मत तसेच होते. तेव्हा ती चष्मेवाली मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, माझ्या दादीने पाठवलंय. तिचं नाव आलं तर ती मला पुन्हा काही दाखवणार नाही." मग नावांऐवजी क्रमांक घातले आणि क्रमांकांची यादी तिनेच घरी ठेवली.

ती मुलगी आता दहावीत आहे. पुढे विज्ञानासाठी नाशिकला पाठवावी की नाही, यावर तिच्या घरी बोलणे चालू आहे. तिचे अब्बा आज येथे बसले आहेत. मी त्यांना वेगळे भेटलो आहे, पुन्हा भेटणार आहे.

वहीतील दोन पाने या स्मरणिकेत छापावीत अशी संपादकांची इच्छा होती. मी मुलांना विचारले. त्यांनी आपसात बराच वेळ चर्चा केली आणि घरच्यांना विचारल्याशिवाय नाही, असे सांगितले. म्हणून येथे ती पाने नाहीत.