चर : ससा काय खातो आणि त्याचं मांस कसं होतं



चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सत्ताविसावा अध्याय अन्नपानाचा आहे. मांसाचा गुण ठरवायचा तर काय काय तपासावं, हे तिथं सांगितलं आहे, आणि त्या यादीत पहिला शब्द येतो 'चर'. चर म्हणजे जनावर कुठं हिंडतं आणि काय खातं. जड खाणाऱ्याचं मांस जड, हलकं खाणाऱ्याचं हलकं, इतक्या सरळ शब्दांत ते मांडलं आहे. आपल्या चरणे, चारा, चराई ह्या शब्दांत तोच धातू आहे. मी तीस वर्षं पशुपोषण हा विषय शिकवला. आपण ज्यांचं मांस खातो त्या गवतखाऊ जनावरांत ह्या एका शब्दाची साक्ष सशाइतकी स्वच्छ कुणीच देत नाही. का देत नाही, तेच आज सांगायचं आहे.

आधी एक घोटाळा दूर करतो. मराठीत आपण ज्याला ससा म्हणतो ते दोन वेगळे प्राणी आहेत. आपल्या माळावर कान टवकारून पळतो तो काळ्या मानेचा रानससा. तो बीळ करत नाही, गवतात नुसती खळगी करून बसतो, आणि त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. चरकानं जांगल प्राण्यांत ज्याला घातलं आणि ज्याचं मांस रूक्ष आणि लघु म्हटलं, तो हाच शश. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे, तेव्हा त्याच्या मांसाची चर्चा इथंच थांबवू. दुसरा ससा बिळात राहणारा. त्याची पिल्लं उघडीनागडी आणि मिटल्या डोळ्यांची. हा मूळचा स्पेन-पोर्तुगालचा. जगभर पिंजऱ्यात पाळले जाणारे सगळे ससे ह्याच्याच वंशातले. रोमन सम्राट हेड्रियनच्या नाण्यांवर हिस्पानियाची मूर्ती आहे आणि तिच्या पायाशी ससा बसला आहे. एका देशाची खूण म्हणून राजानं ससा निवडावा, इतका तो त्या मातीतला.

स्पेनच्या त्या कोरड्या टेकड्यांवर शरदातला पाऊस झाला की गवत उगवतं, हिवाळाभर तग धरतं, वसंतात दाटतं आणि उन्हाळ्यात जळून जातं. आपल्या पावसाळ्याच्या बरोबर उलटं हे चक्र. ससा खातो ते मुख्यतः गवत आणि कोवळी पालवी. तो आधाशासारखा ओरबाडत नाही. शेंड्याचं कोवळं पान निवडून कुरतडतो. गवत संपलं की काटक्या, साल, झुडपांची पानं. म्हणजे एकाच टेकडीवरचा मार्चमधला ससा आणि ऑगस्टमधला ससा हे दोन वेगवेगळ्या ताटांवर जेवलेले असतात. ते ताट त्याच्या मांसात कसं उतरतं, हे कळायला त्याचं पोट पाहावं लागतं.

विच्छेदनाच्या तासाला मी विद्यार्थ्यांना नेहमी ससा आणि शेळी शेजारी शेजारी दाखवत असे. शेळीचं पोट उघडलं की समोर येतं कोठीपोट, घागरीएवढं, अर्धवट चघळलेल्या पाल्यानं भरलेलं. सशाचं पोट उघडलं की जठर तुलनेनं लहान दिसतं, आणि अख्खं उदर व्यापून बसलेली असते ती अंधनाल. हातभर लांबीची, एकाच तोंडाची, गुंडाळलेली पिशवी. तिच्या पातळ भिंतीतून आतला गर्द हिरवा लगदा दिसतो, आणि बाहेरून मळसूत्राच्या आट्यांसारखी एक रेघ फिरत गेलेली दिसते. दोन्ही ठिकाणी सूक्ष्म जीव गवत आंबवतात. फरक जागेचा आहे. शेळीत हे आंबवणं लहान आतड्याच्या आधी होतं, सशात लहान आतड्याच्या नंतर.

ह्या जागेच्या फरकात सगळं आलं. हिरव्या पानात स्निग्धांश थोडाच असतो, पण जो असतो त्याचा निम्म्याहून अधिक भाग लिनोलेनिक आम्लाचा असतो. आजकाल औषधाच्या दुकानात ज्याच्या गोळ्या मिळतात त्या ओमेगा-३ कुळातलं हे आम्ल. शेळीनं ते पान खाल्लं की कोठीपोटातले जीव त्या आम्लाला हायड्रोजन जोडून त्याचा बराचसा भाग घट्ट चरबीत बदलून टाकतात. म्हणून शेळी काहीही चरो, तिची चरबी चरबीसारखीच राहते. रविवारचं मटण सोमवारी सकाळी पातेल्यात पाहिलं, की रश्शावर पांढरी साय थिजलेली असते. बोटानं उचलली तर पापुद्र्यासारखी निघते. ती त्या जीवांची करामत. सशात मात्र पानातलं आम्ल जसंच्या तसं लहान आतड्यात शोषलं जातं आणि मांसात जाऊन बसतं. अंधनालेतल्या जीवांच्या हाती ते लागतं तेव्हा त्यातलं बरंचसं आधीच रक्तात गेलेलं असतं.

अंधनालेत तयार होतात त्या मऊ, चिकट आवरणाच्या लेंड्या. ससा त्या परत खातो, बिळात निवांत बसून, थेट गुदापाशी तोंड नेऊन. नवख्या विद्यार्थ्याला हे किळसवाणं वाटे. पण जीवांनी तयार केलेली प्रथिनं आणि ब-जीवनसत्त्वं सशाला मिळतात ती त्याच वाटेनं. गाय रवंथ करते तसंच हे दुसऱ्यांदा जेवणं आहे.

आता पिंजऱ्यातला ससा घ्या. त्याला धान्याचा भरडा आणि पेंड मिळते. मक्याच्या, गव्हाच्या स्निग्धात लिनोलेनिक कमी आणि ओमेगा-६ कुळातलं लिनोलेइक जास्त. त्याच्या मांसातही तोच हिशोब दिसतो. रानातल्या सशाच्या स्निग्धात ओमेगा-३ चं प्रमाण पिंजऱ्यातल्यापेक्षा जास्त, हे मोजून पाहिलेलं आहे. पिंजऱ्यातल्याच सशाला आपली जवस खाऊ घातली, तर त्याच्या मांसातलं ओमेगा-३ वाढतं. मात्र असं स्निग्ध मऊ असतं आणि लवकर खवट होतं. रानात हा तोटा पुष्कळसा भरून निघतो, कारण हिरव्या गवतात ई-जीवनसत्त्वही असतं आणि ते खवटपणाला आवर घालतं.

रंगाची गोष्ट मला सर्वांत आवडते. काही सशांची चरबी पिवळी निघते. १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या संशोधकांनी ती आनुवंशिक असल्याचं दाखवलं. हिरव्या पाल्यात झँथोफिल नावाचं पिवळं रंगद्रव्य असतं. बहुतेक सशांच्या शरीरात ते मोडलं जातं, पण आईबाप दोघांकडून एक विशिष्ट जनुक आलेल्या सशात मोडलं जात नाही आणि चरबीत साठतं. गंमत पुढं आहे. अशा सशाला पाला न देता नुसतं रंगद्रव्य नसलेलं खाणं दिलं, तर त्याचीही चरबी पांढरीच राहते. म्हणजे पिवळेपणाला जनुकही हवं आणि लसूणघासही हवा. 'रक्तात आहे की वळणात' हा आपल्याकडे प्रत्येक घरात चालणारा वाद. त्याचं इतकं नेमकं उत्तर मला दुसरीकडे क्वचितच दिसलं.

चवीचं काय? फ्रान्समध्ये रानातला ससा आणि खुराड्यातला ससा ह्यांत पूर्वापार भेद करतात. सतराव्या शतकातल्या ब्वालो ह्या कवीनं एका फसलेल्या मेजवानीवर व्यंगकाव्य लिहिलं. त्यात पॅरिसमध्येच वाढवलेल्या सशांना त्यांनी खाल्लेल्या कोबीचा वास येत असल्याची तक्रार आहे. उलट भूमध्य समुद्राकाठच्या लोकांची श्रद्धा अशी, की टेकडीवरचा ससा रानातली थाइम आणि रोजमेरी खातो म्हणून मुळातच मसाला लागलेला येतो. ह्या झुडपांची सुगंधी तेलं चरबीत विरघळतात, तेव्हा थोडा वास उतरणं शक्य आहे. पण सशाच्या अंगी चरबी फारच कमी, यकृत ही तेलं झपाट्यानं मोडतं, आणि गवत असेतो ससा त्या झुडपांकडे फारसा वळत नाही. माझं मत विचाराल तर थाइमचा बराचसा वास पातेल्यात घातलेल्या थाइमचा आहे. कोबीची तक्रार मला अधिक पटते. आणि सगळंच खाण्यावर ढकलू नये. रानातल्या सशाचं मांस गडद आणि चिवट असतं ते त्याच्या धावण्यामुळं आणि वयामुळंही. पिंजऱ्यातला ससा अडीच-तीन महिन्यांचा असतानाच कापला जातो. शिवाय मारलेल्या सशाची आतडी लगेच काढली नाहीत, तर त्या हिरव्या लगद्याचा दर्प पोटाकडच्या मांसात उतरतो. पुष्कळदा लोक त्यालाच 'रानटी वास' म्हणतात.

चर बिघडला की काय होतं, ह्याचं उत्तर कॅनडाच्या बर्फात दिसतं. तिथला हिवाळ्यात पांढरा होणारा रानससा त्या दिवसांत साल आणि काटक्यांवर जगतो, आणि त्याच्या अंगी चरबी नावालाही राहत नाही. नुसत्या त्याच्या मांसावर राहिलेली माणसं पोट फुटेस्तोवर खाऊनही भुकेली राहत, जुलाबांनी खंगत. ध्रुवप्रदेशात हिंडलेल्या विल्यालमुर स्टेफान्सन यांनी ह्या 'सशाच्या उपासमारी'बद्दल लिहिलं. १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात त्यांनी स्वतःवर मांसाहाराचा प्रयोग करून घेतला, तेव्हा सुरुवातीला त्यांना चरबी काढलेलं मांस दिलं गेलं. दोन-तीन दिवसांतच ते आजारी पडले आणि चरबी सुरू करताच सुधारले. नुसत्या प्रथिनांवर शरीराची गरज भागवायची तर यकृताला ते पेलत नाही. चरकाचा 'रूक्ष' हा शब्द इथं शब्दशः खरा ठरतो.

आणखी एक, धोक्याचं. बेलाडोना ही युरोपातली विषारी वनस्पती. अनेक सशांच्या शरीरात तिचं विष, ॲट्रोपिन, मोडणारं एन्झाइम असतं, म्हणून ते ती पानं खाऊन खुशाल हिंडतात. पण अशा सशाचं मांस खाऊन माणसांना विषबाधा झाल्याच्या नोंदी जुन्या वैद्यकीय वाङ्मयात आहेत. जनावर धडधाकट दिसलं म्हणजे त्याचं मांस निर्धोक, हा आपला ठोकताळा इथं फसतो.

आपल्यापैकी बहुतेकांच्या ताटात ससा कधी येणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण कोंबडी येते, अंडी येतात. कोंबडीलाही कोठीपोट नाही, आणि तिनं खाल्लेलं स्निग्धही सशासारखंच फारसं न बदलता तिच्या अंगात आणि अंड्यात उतरतं. बाजारात आपण भाव विचारतो, वजन विचारतो, ताजं आहे का म्हणून विचारतो. ह्या रविवारी खाटकाला आणि अंडीवाल्याला एक प्रश्न आणखी विचारा : हे जनावर काय खात होतं?