मुलगी पहिल्यांदा कॉलेजात जाते तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला आज बोलायला सांगितले तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. विदुषींच्या सभेत मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "तुमच्या मागच्या खोल्यांतून दरवर्षी कॉलेजच्या मुली राहतात. तुमची थोरलीही यंदा पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तुम्ही जे पाहिले तेवढेच सांगा." तेव्हा पाहिलेले आणि विचारून घेतलेले तेवढेच मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

आपल्या वस्तीत बारावी पास होणाऱ्या मुलींची आता कमी नाही. निकालाच्या दिवशी पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवसापासून घरात गप्प गप्प सुरू होते. कुठे पाठवायचे, किती पैसे लागतील, कागद कोणते, हे विचारायचे कोणाला? वडील कामावर. आई म्हणते, "मी कधी कॉलेजची पायरी चढले नाही, मला काय कळते?" भगिनींनो, माझे आजचे सांगणे एवढेच आहे की पहिल्या वर्षाची तयारी करायला आईने कॉलेज शिकलेले असावे लागत नाही. घर चालवणारी बाई जशी वाण्याची यादी करते, हिशेब लिहिते आणि पावती मागते, तेवढेच करावे लागते. ते कोणी केले नाही, तर हुशार मुलीचेही वर्ष हातचे जाते.

थोडे मागचे सांगते. आपल्या नागपुरात हिस्लॉप कॉलेज १८८३ साली निघाले आणि मॉरिस कॉलेज १८८५ साली. पण पदवी देणारे विद्यापीठ इथे नव्हते. इथल्या मुलांची परीक्षा आधी कलकत्त्याच्या आणि मग अलाहाबादच्या विद्यापीठाची असे. नागपूर विद्यापीठ स्थापन झाले १९२३ साली. २००५ पासून त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. त्या विद्यापीठाच्या आधी एक वर्ष, १९२२ साली, जाईबाई चौधरी ह्यांनी नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. ह्या बाईंनी पोटासाठी डोक्यावर ओझी वाहिली होती. पुढे १९३२ साली मुलींचे स्वतंत्र कॉलेज निघाले, ज्याला आज आपण एल.ए.डी. म्हणतो. एवढ्या खटाटोपाने दार उघडले आहे. आता दारापर्यंत गेलेली आपली मुलगी एखाद्या कागदावाचून परत फिरू नये, हे पाहणे आपले काम आहे.

तेव्हा पहिली गोष्ट कागदांची. निकालाची वाट पाहू नका. परीक्षा संपली की एप्रिलातच एक जाड पिशवी करा. दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आणि ज्यांना लागू असेल त्यांनी जातीचा दाखला, जात पडताळणी आणि नॉन-क्रिमिलेयर. केंद्रीय बोर्डातून आलेल्या मुलीला स्थलांतराचा दाखलाही लागतो. उत्पन्नाच्या दाखल्यावर मुदत लिहिलेली असते, ती वाचा. गेल्या वर्षीचा कागद घेऊन रांगेत उभे राहण्यात हशील नाही. जूनमध्ये सेतू केंद्रावर किती गर्दी असते ते आपण सर्वजणी जाणतो.

मग सगळ्या कागदांवरचे नाव जुळवून पाहा. गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरे आणि बँकेच्या पुस्तकावर तिसरे, असे पुष्कळदा आढळते. काना-मात्रेचा फरक आपल्याला क्षुल्लक वाटतो, पण संगणकाला ती निराळी मुलगी वाटते. आधारला जोडलेला मोबाइल कोणाच्या हातात आहे तेही पाहा. मुलगी इथे अर्ज भरत बसलेली आणि परवलीचा आकडा जातो काटोलजवळच्या शेतात, वडिलांच्या फोनवर, असे मी माझ्या ओसरीवर बसून पाहिले आहे. हसू येते, पण अर्जाची शेवटची तारीख कोणासाठी थांबत नाही.

प्रवेशाच्या वेळी शाळा सोडल्याचा मूळ दाखला द्यावा लागतो, म्हणून त्याच्या प्रती आधीच काढून ठेवा. बाकीचे मूळ कागद दाखवायचे, तपासून घ्यायचे आणि परत पिशवीत घालायचे. मूळ गुणपत्रिका कॉलेजने ठेवून घेऊ नये, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली सांगितलेले आहे.

दुसरी गोष्ट विषयांची. "बी.ए.ला घातले," एवढे सांगून आता भागत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे स्वायत्त कॉलेजांत २०२३ पासून आणि इतर कॉलेजांत २०२४ पासून पदवीची रचना बदलली आहे. एक मुख्य विषय असतो, त्याच्या जोडीला दुय्यम विषय, आणि आपल्या शाखेबाहेरचाही काही भाग शिकावा लागतो. शिवाय भाषा, एखादे कौशल्य, भारतीय ज्ञानपरंपरा आणि पुढे प्रत्यक्ष कामाचा अनुभव. ह्या सर्वांचे माप श्रेयांकांत होते. मुली त्याला क्रेडिट म्हणतात. माझ्या थोरलीने मला हे भिशीच्या भाषेत समजावले. पंधरा तास वर्गात बसून शिकले की एक श्रेयांक. प्रयोगाचे काम असेल तर तीस तासांना एक. वर्षाला ४० ते ४४ जमतात. तीन वर्षांत १२० ते १३२ झाले की पदवी आणि चौथे वर्ष करून १६० ते १७६ झाले की ऑनर्सची पदवी. सगळे श्रेयांक मुलीच्या नावाने एका खात्यात जमा होतात, त्याला श्रेयांकांची बँक म्हणतात. त्या खात्याचा क्रमांक पहिल्याच वर्षी काढून वहीत लिहून ठेवावा.

ह्या रचनेत आपल्या मुलींच्या फार उपयोगाची एक सोय आहे. एक वर्ष पुरे करून आणि वरचे ४ श्रेयांक मिळवून कोणाला थांबावे लागले तर प्रमाणपत्र मिळते, दोन वर्षांनी पदविका मिळते, आणि ठरलेल्या मुदतीत परत येऊन पुढचे शिक्षण घेता येते. पण म्हणून कोणी असा अर्थ काढू नये की, "बरे झाले, एक वर्ष शिकवू आणि लग्न करून टाकू." ती सोय अडलेल्यांसाठी आहे, अडवणाऱ्यांसाठी नव्हे.

विषय निवडताना कॉलेजच्या खिडकीवर चार प्रश्न जरूर विचारा. हा मुख्य विषय तिसऱ्या आणि चौथ्या वर्षापर्यंत इथेच शिकवता का? त्याच्याबरोबर दुय्यम कोणता घेता येतो? विषय बदलायचा झाला तर केव्हापर्यंत? आणि ह्या विषयाला पूर्ण वेळचे प्राध्यापक आहेत का? हे विचारायला लाज वाटण्याचे कारण नाही. भाजीवाल्याला आपण वांगे कापून दाखवायला सांगतो, इथे तर तीन-चार वर्षांचा प्रश्न आहे. अभियांत्रिकी, औषधनिर्माण आणि विधी ह्यांना सीईटी लागते हे बहुतेकांना ठाऊक असते, पण २०२४ पासून बी.बी.ए. आणि बी.सी.ए. ह्यांनाही सीईटी आली आहे, हे अनेक घरांत कळतच नाही. त्या परीक्षेचे अर्ज बारावीच्या निकालाआधीच भरून होतात.

तिसरी गोष्ट पैशाची. २०२४-२५ पासून, ज्या घरचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे अशा आर्थिक दुर्बल, मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. फार चांगली गोष्ट झाली. पण "फी माफ" म्हणजे सर्वच माफ असे समजू नका. वसतिगृह, जेवण, पुस्तके आणि कॉलेजची इतर शुल्के राहतातच. खासगी आणि अभिमत विद्यापीठांना ही माफी लागू नाही, तेव्हा पैसे भरण्याआधी तेही विचारावे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो आणि पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच येतात. ते येईपर्यंत पुष्कळदा वर्ष संपत आलेले असते. म्हणून शिष्यवृत्ती धरून घरभाड्याचा हिशेब करू नये. पहिल्या सहा महिन्यांचे पैसे घरून निघतील एवढी तजवीज आधी हवी.

ह्याच ठिकाणी मला एका मुलीची गोष्ट सांगावीशी वाटते. तिचे नाव सांगत नाही. गडचिरोलीकडून ती आली होती, गुणांनी उत्तम, वागायला गरीब. तिचे बँकेचे खाते आधारशी जोडलेले नव्हते आणि हे तिला कोणी सांगितले नव्हते. अर्ज मंजूर झाला, पण पैसा येईना. आम्ही भाड्याची घाई केली नाही, पण डब्याचे, पुस्तकांचे आणि येण्याजाण्याचे पैसे तर लागतच होते. दिवाळीला ती घरी गेली ती परत आलीच नाही. वडिलांनी सांगितले, आता पुरे. पुढे खाते जोडून झाले आणि पैसेही आले, पण तोवर ती एका दुकानात कामाला लागली होती. एवढ्या लहान कारणासाठी एवढी मोठी किंमत! पहिल्या सत्राची परीक्षा तिने दिलेली होती आणि त्याचे श्रेयांक तिच्या नावावर आहेत. मी तिला फोनवर हे सांगते. ती म्हणते, "बघते न काकू." मी वाट पाहते आहे.

चौथी गोष्ट राहण्याची. पहिला प्रयत्न वसतिगृहाचा करावा. विद्यापीठाची आणि कॉलेजांची वसतिगृहे आहेत. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागांची शासकीय वसतिगृहे आहेत. तिथे जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलींसाठी स्वाधार, अनुसूचित जमातीच्या मुलींसाठी स्वयम् आणि इतर मागास वर्गासाठी सावित्रीबाई फुले आधार अशा योजना आहेत. त्यांच्या अटी आणि तारखा त्या त्या कार्यालयात जाऊन लिहून आणाव्या.

खोली घ्यायची झाली तर आईने स्वतः येऊन पाहावी. मी घरमालकीण असून हे सांगते! वर पत्रा आहे की स्लॅब, हे मे महिन्याच्या दुपारी पाहावे. आपल्या नागपूरच्या उन्हात पत्र्याखाली अभ्यास होत नाही. नळाला पाणी किती वेळ येते, विजेचे मीटर वेगळे आहे का, कुलरचे पैसे कोण देणार, रात्री फाटक केव्हा बंद होते, न्हाणीघराला आतून कडी आहे का, हे सर्व विचारावे. अनामत रकमेची पावती घ्यावी आणि ती केव्हा परत मिळेल ते कागदावर लिहून घ्यावे. जो मालक भाडेकरूची माहिती पोलिसांत द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याकडे मुलगी ठेवू नये. कॉलेजला लागूनच खोली हवी असा हट्ट नको. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर अशी मेट्रो सीताबर्डीला मिळते, तेव्हा स्टेशनाजवळची स्वस्त खोलीही चालते. आणि उमरेड, सावनेर, कामठी, काटोल इथल्या मुली घरूनही ये-जा करतात. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे.

आता मुलगी एकदा जाऊ लागली की आपले काम संपले असे नाही. पहिले दोन-तीन महिने फार नाजूक असतात. गावात पहिली येणारी मुलगी इथे चाळिसावी येते आणि मनातून खचते. वर्गात इंग्रजी ऐकून घाबरते. एखादा पेपर राहिला तर घरी सांगायला धजत नाही. तिला सांगून ठेवा की नियमात बसत असेल तर राहिलेला पेपर पुढे देता येतो, त्याने जग बुडत नाही. मात्र हजेरी सांभाळलीच पाहिजे. बहुतेक ठिकाणी ७५ टक्के मागतात. घरात पाहुणे आले, सणाची तयारी आहे, म्हणून तिला कॉलेज चुकवायला लावू नका. मुलाला आपण असे थांबवत नाही.

आणि कोणी छळ केला तर ती एकटी नाही हे तिला ठाऊक हवे. महाराष्ट्रात रॅगिंगविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे आणि १८००-१८०-५५२२ ह्या क्रमांकावर फुकट तक्रार करता येते. कॉलेजात मुलींच्या तक्रारींसाठी समिती असावी असे २०१३ चा कायदा सांगतो. हे सर्व पिशवीच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवावे. पण सर्वांत मोठा उपाय म्हणजे मुलीने सांगितले तर आई तिच्यावरच रागावणार नाही, हा विश्वास. "तूच काही केले असशील," हे एक वाक्य आपण घरातून हद्दपार करू या.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपण भिशी चालवतो, पापड-कुरडयांचे काम करतो. मे आणि जून महिन्यांत दर रविवारी दोन तास मंडळाच्या ह्याच खोलीत एक टेबल मांडू या. कॉलेजात जाणाऱ्या आपल्याच मुली तिथे बसतील, नव्या मुलींचे कागद तपासतील, नावे जुळवतील, खाते जोडले आहे की नाही ते पाहतील. आपण बायकांनी चहा करावा आणि हिशेबाची वही सांभाळावी. भिशीतून थोडी रक्कम बाजूला ठेवता आली, तर शिष्यवृत्ती येईपर्यंत एखाद्या मुलीच्या डब्याचे पैसे उसने देता येतील. पैसे आले की तिने परत करावेत, म्हणजे पुढल्या वर्षी दुसरीला मिळतील. मागच्या दोन खोल्यांपैकी एकीचे पहिल्या तीन महिन्यांचे भाडे मी थांबून घ्यायला तयार आहे. आमच्या ह्यांना विचारूनच सांगते आहे.

माझे बोलणे लांबले.  सूचनेवर विचार व्हावा आणि ज्यांना टेबलावर बसायचे आहे त्यांनी आजच चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत, एवढी विनंती करून मी माझे चार शब्द पुरे करते.