प्रयोगवहीतलं नाव



विद्यापीठातल्या संशोधनातून निघणारे शोध आणि त्यांची पेटंट हा आज माझा विषय आहे. या विषयावर व्यासपीठावरून बोलताना किती कोटी मिळाले, किती कंपन्या निघाल्या, हेच बहुधा सांगितलं जातं. मला त्याच्या आधीचं सांगायचं आहे. शोध लागतो तेव्हा टेबलापाशी कोण उभं असतं आणि पुढे कागदावर कोणाचं नाव राहतं? आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, ते टेबल गेली काही वर्षं तुमचं होतं, म्हणून हे तुमच्यापाशीच बोलायला हवं.

1943 सालचा उन्हाळा. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात अल्बर्ट शॅट्झ नावाचा 23 वर्षांचा विद्यार्थी पीएचडी करत होता. पाठीच्या दुखण्यामुळे लष्करातून परत आलेला, महिना 40 डॉलर विद्यावेतनावर राहणारा. त्याचे मार्गदर्शक सेलमन वॅक्समन हे मातीतल्या सूक्ष्मजीवांचे जगप्रसिद्ध जाणकार. शॅट्झला क्षयाचे जिवंत जंतू हाताळायचे होते, म्हणून त्याची प्रयोगशाळा तळघरात होती.

काम कंटाळवाणं होतं. शेतातली, खत घातलेली माती घ्यायची, पाण्यात पातळ करत न्यायची, आगरच्या बशीवर पसरायची. काही दिवसांनी बशीवर जे ठिपके उगवतात त्यांतला खडूसारखा कोरडा, भुरकट ठिपका हेरायचा. तो नव्या बशीत एका सरळ पट्टीत लावायचा आणि पट्टी वाढली की तिच्या काटकोनात रोगजंतूंच्या रेघा ओढायच्या. मग बघायचं, रेघा पट्टीला जाऊन भिडल्या की अलीकडेच थांबल्या? थांबल्या असतील तर पट्टीतल्या जीवानं काहीतरी मारक सोडलं आहे. बहुतेक बशांत रेघा भिडतातच. ती बशी बाजूला ठेवायची आणि पुढची घ्यायची. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्यांच्या नाकाशी आत्ता त्या आगरचा वास आला असेल.

23 ऑगस्ट 1943 रोजी शॅट्झनं वहीत ‘प्रयोग 11’ लिहायला घेतला. त्यातून करड्या-हिरव्या रंगाच्या एका जीवाचे दोन वाण हाती आले. एक खत घातलेल्या मातीतला आणि दुसरा कोंबडीच्या घशातून घेतलेल्या नमुन्यातला. त्या जीवापासून मिळालं स्ट्रेप्टोमायसिन, क्षयावर चालणारं पहिलं प्रतिजैविक. तोवर आपल्याकडे मिरजेसारख्या ठिकाणच्या सॅनेटोरियममध्येही चांगली हवा, विश्रांती आणि सकस अन्न याच्या पलीकडे डॉक्टरांच्या हातात फारसं काही नसे. पुढे हे औषध आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्येही तयार होऊ लागलं. तुमच्यापैकी कुणाचे आजोबा किंवा आजी कदाचित त्याच इंजेक्शनांवर वाचले असतील.

जानेवारी 1944 मध्ये शोधनिबंध छापून आला. त्यावर तीन नावं होती: शॅट्झ, त्याच प्रयोगशाळेतली एलिझाबेथ ब्यूगी आणि वॅक्समन. पुढच्या वर्षी पेटंटचा अर्ज गेला. त्यावर मात्र दोनच नावं होती, वॅक्समन आणि शॅट्झ. हा शोध आम्ही दोघांनी लावला, असं दोघांनी शपथेवर लिहून दिलं आणि प्रत्येकी एक डॉलर घेऊन पेटंटचे हक्क विद्यापीठाच्या संशोधन प्रतिष्ठानाकडे सोपवले. मर्क कंपनीचा या संशोधनावर आधीच्या करारानं हक्क होता. वॅक्समन यांनी मर्कची समजूत घालून तो एकाधिकार सोडायला लावला आणि त्यामुळे अनेक कंपन्या औषध बनवू शकल्या. असंख्य रुग्णांपर्यंत ते लवकर पोहोचलं ते यामुळे. वॅक्समन यांना दोष देताना हे कुणी विसरू नये. मातीतल्या जीवांची शिस्तीनं चाळणी करायची ही पद्धतही त्यांचीच होती.

पण नंतर शॅट्झला कळलं की प्रतिष्ठानाला मिळणाऱ्या रॉयल्टीतला एक हिस्सा मार्गदर्शकांना मिळतो आहे. शिवाय जगभर शोधाचं श्रेय त्यांच्या एकट्याच्या नावावर जमा होत होतं. 1950 मध्ये तो कोर्टात गेला. एका तरुण शिष्यानं नामवंत गुरूवर खटला भरणं हे त्या काळात किती अवघड असेल, याची कल्पना करा. त्याच्या हातात काय होतं? पेटंटच्या अर्जावरची ती शपथ. वॅक्समन यांनी स्वतःच्या सहीनं त्याला सहसंशोधक म्हटलं होतं आणि तो कागद नाकारता येण्यासारखा नव्हता. वर्ष संपायच्या आत तडजोड झाली. शॅट्झ हा कायद्यानं सहसंशोधक ठरला. रॉयल्टीतले 3 टक्के त्याला, 10 टक्के वॅक्समन यांना आणि 7 टक्के प्रयोगशाळेतल्या इतरांना, असं वाटप ठरलं.

1952 चं नोबेल मात्र एकट्या वॅक्समन यांना मिळालं. मोठ्या प्रयोगशाळांची दारं शॅट्झला उघडली नाहीत. रटगर्सनं त्याला आपलं पदक दिलं ते 1994 मध्ये, शोधाला 50 वर्षं होऊन गेल्यावर.

आणि एलिझाबेथ ब्यूगी? शोधनिबंधावर तिचं नाव दुसरं होतं. तुझं पुढे लग्न होईल, संसार होईल, पेटंटवर तुझं नाव असलं काय नि नसलं काय, असं तिला त्या वेळी सांगण्यात आलं, हे तिच्याच आठवणींतून नंतर बाहेर आलं. शॅट्झपेक्षाही हे मला जास्त टोचतं. शॅट्झकडे निदान भांडायला एक कागद होता. मघाशी इथे सुवर्णपदकांची नावं पुकारली तेव्हा एकामागून एक मुली व्यासपीठावर येत होत्या. त्यांच्यातल्या एकीलाही असलं वाक्य ऐकावं लागू नये. लागलंच, तर तिनं ते मान्य करू नये.

नोबेल समितीला तीनपेक्षा जास्त नावं चालत नाहीत, वर्तमानपत्रांना एकच चेहरा हवा असतो. पेटंटचा कायदा मात्र प्रत्येक दाव्यामागे कल्पना कोणाची, हे विचारतो आणि उत्तरावर सही घेतो. टोरांटो विद्यापीठात 1921 च्या उन्हाळ्यात फ्रेडरिक बँटिंग यांच्याबरोबर इन्शुलिनवर काम करणारा चार्ल्स बेस्ट नुकताच पदवीधर झाला होता, म्हणजे आजच्या दिवशी तुम्ही आहात तसाच. 1923 च्या नोबेलमध्ये बँटिंग आणि प्राध्यापक मॅक्लिऑड होते, बेस्ट नव्हता. बँटिंग यांनी आपल्या रकमेतला निम्मा वाटा त्याला दिला, हा त्यांचा मोठेपणा. पेटंटवर मात्र बँटिंग, त्यांचे सहकारी कॉलिप आणि बेस्ट अशी तिघांची नावं आहेत. त्यांनीही प्रत्येकी एक डॉलरला ते विद्यापीठाला देऊन टाकलं. विद्यापीठानं त्या पेटंटचा उपयोग केला तो परवाना घेणाऱ्या कारखान्यांच्या इन्शुलिनची तपासणी करण्यासाठी, म्हणजे निकृष्ट माल रुग्णाच्या सुईपर्यंत जाऊ नये म्हणून. पेटंट म्हणजे औषध महाग करायचं हत्यार, असं आपल्याकडे सरसकट म्हटलं जातं. पुष्कळदा ते खरंही असतं. पण पेटंट कोणाच्या हाती आहे आणि परवाना कोणत्या अटींवर दिला जातो, यावर सगळं ठरतं. सरकारी पैशातून, म्हणजे लोकांच्या करातून झालेल्या संशोधनाबाबत विद्यापीठानं हा विचार आधी करायला हवा, पैशाचा नंतर.

आता आपल्या कायद्याकडे येऊ. पेटंटचा अर्ज करताना फॉर्म 5 भरून संशोधक कोण आहेत ते जाहीर करावं लागतं. 1970 च्या पेटंट कायद्याचं कलम 28 सांगतं की मालकी विद्यापीठाची असली, तरी खऱ्या संशोधकाला पेटंटवर आपलं नाव नोंदवून मागता येतं. नाव असणं आणि मालकी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालकी विद्यापीठाच्या धोरणानुसार, करारानुसार बदलू शकते. नाव वस्तुस्थितीप्रमाणेच लागलं पाहिजे. मार्गदर्शक आहेत म्हणून आपोआप नाही, विभागप्रमुख आहेत म्हणून तर नाहीच, आणि सांगितलेले प्रयोग निष्ठेनं करून दिले एवढ्यानं विद्यार्थ्याचंही नाही. कल्पनेत वाटा असेल, तर मात्र तो विद्यार्थी पहिल्या वर्षाचा असला तरीही.

हे सिद्ध कशानं होतं? वहीनं. शॅट्झच्या वहीतली तारीख आणि हस्ताक्षर आज आठ दशकांनंतरही वाचता येतं. वही बांधलेली हवी, सुट्या कागदांची नको. पानांवर छापील क्रमांक हवेत. लिहायचं शाईनं. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. दिवस संपताना सही आणि तारीख, आणि त्या प्रयोगात नसलेल्या पण तो समजू शकणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याची साक्षीदार म्हणून सही. कल्पना सुचली तीही लिहायची, नुसती वाचनं नाहीत. न जमलेले प्रयोग तर आवर्जून लिहायचे. वही विभागाच्या मालकीची असते. जाताना ती जमा करा आणि पोच घ्या.

दुसरी गोष्ट घाईची. 1973 च्या नोव्हेंबरात स्टॅनली कोहेन, हर्बर्ट बॉयर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी जनुकं जोडण्याच्या तंत्रावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. आजचं जैवतंत्रज्ञान ज्या पायावर उभं आहे, तो हा निबंध. स्टॅनफर्डमध्ये परवान्यांचं काम बघणारे नील्स रायमर्स यांच्या हे लक्षात आलं ते दुसऱ्या वर्षी, वर्तमानपत्रातली बातमी वाचून. अमेरिकेच्या कायद्यात प्रसिद्धीनंतर एक वर्षाची मुभा होती आणि ती संपायला जेमतेम आठवडा उरला असताना अर्ज दाखल झाला. त्या पेटंटांतून कोहेन आणि बॉयर यांच्या दोन विद्यापीठांना मिळून 25 कोटी डॉलरांहून जास्त रक्कम आली. पण अमेरिकेबाहेर पेटंट मिळायची वाट कायमची बंद झाली होती, कारण बहुतेक देशांत आधी छापलं की नवीनपणा संपतो. आपल्या कायद्यातही सवलत आहे, पण फारच अरुंद. तेव्हा परिषदेत पोस्टर लावण्याआधी, प्रबंध ‘शोधगंगा’ या ऑनलाइन प्रबंधसंग्रहावर चढण्याआधी विद्यापीठाच्या पेटंट कक्षात एकदा जाऊन या. प्राथमिक अर्ज दाखल करता येतो, पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर 12 महिने मिळतात. शैक्षणिक संस्थांसाठी 2021 पासून शुल्कात 80 टक्के सवलत आहे. ऑनलाइन अर्जाचे 1600 रुपये नाहीत, असं आता कोणत्याही विद्यापीठाला म्हणता येणार नाही.

छापलेल्या कागदाची ताकद उलट्या बाजूनंही दिसते. 1995 मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीनं जखम भरून येते या ‘शोधा’वर पेटंट मिळालं. ते मागणारे दोघेही भारतीय वंशाचे संशोधक होते. तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे, महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलला जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठाच्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञान विभागात शिकलेले. सीएसआयआरनं आव्हान दिलं आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. आपल्या प्रत्येक घरात पडलं-खरचटलं की हळद दाबतात, हे सांगून भागलं नसतं. जुने ग्रंथ आणि 1953 सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला एक निबंध असे 32 संदर्भ पुढे ठेवावे लागले. 1953 मध्ये तो निबंध लिहिणाऱ्यांना आपलं काम असं कामी येईल, हे ठाऊक असणं शक्यच नव्हतं. त्यांनी ते नीट लिहून ठेवलं होतं, एवढंच.

एका गोष्टीचं मला मनापासून वाईट वाटतं, तेही सांगतो. हल्ली अनेक बायोडेटांत ‘पेटंट पब्लिश्ड’ असं लिहिलेलं दिसतं. अर्ज केल्यावर साधारण 18 महिन्यांनी तो पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये आपोआप प्रसिद्ध होतो. मुदतीच्या आत परीक्षणाची विनंती केली नाही, तर तो मागे घेतल्यासारखा धरला जातो. म्हणजे ‘पब्लिश्ड’ला परीक्षकानं अजून हातही लावलेला नसतो. मूल्यांकनातल्या गुणांसाठी, पदोन्नतीसाठी असे अर्ज भरले जातात, त्यांत डझनभर नावं घातली जातात आणि नंतर कुणी त्यांच्याकडे फिरकत नाही. तो विद्यार्थ्यांच्या नावांचा गैरवापर आहे. तुमचं नाव अशा अर्जात घालायला कुणी विचारलं, तर यातला माझा कोणता दावा आहे, असं नम्रपणे विचारा. उत्तर मिळालं नाही तर सही करू नका.

कुलगुरू महोदय, आपल्याला माझी एकच विनंती आहे. अर्ज दाखल होण्याआधी त्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला फॉर्म 5 ची प्रत मिळावी. एखाद्याचं नाव गळलं असेल, तर मार्गदर्शकाच्या रोषाची भीती न बाळगता त्याला कुणाकडे तरी जाता यावं. त्यासाठी विभागाबाहेरच्या दोन-तीन प्राध्यापकांची समिती पुरेशी आहे. शॅट्झला आपल्या श्रेयासाठी कोर्टात जावं लागलं आणि त्याची किंमत त्याला पुढच्या कारकीर्दीत मोजावी लागली.

पदवीधर मित्रहो, उद्या नोकरीच्या नेमणूकपत्रावर सही करताना शोधांच्या मालकीचं कलम वाचल्याशिवाय पेन उचलू नका. तुमचं आणि तुम्हाला इथवर आणणाऱ्या आईवडिलांचं मनापासून अभिनंदन.