डायलिसिसचा रुग्ण आणि घरातील शिक्षण



निकामी मूत्रपिंडांचे काम डायलिसिसचे यंत्र आठवड्यातून साधारण ३ वेळा, ४-४ तास करते. बाकीचा सारा वेळ रुग्णाला घरीच सांभाळावे लागते. २०१६ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने दारिद्र्यरेषेखालील रुग्णांसाठी ही सेवा मोफत केली; परंतु पथ्य घरच्यांनीच समजून घ्यावयाचे असते. नारळपाणी, खजूर यांतील पोटॅशियम रक्तात साचले तर हृदय बंद पडू शकते. मीठ-पाणी जास्त झाले की सूज येते, दम लागतो. फिस्टुलाच्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये.

मुलांनो, आजारी आजीचे वजन रोज वहीत लिहा, डॉक्टरांचा कागद तिला वाचून दाखवा. तुमच्या शिक्षणाचा पहिला लाभ तिला मिळू द्या.